विरळणीच्या कात्रीसाठी कल्पना शोधताना

द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी काढून उरलेल्यांना वाढायला जागा करून देण्याच्या कामाला नाशिक जिल्ह्यात विरळणी म्हणतात. बागेत प्रत्यक्ष बोलताना बहुतेक जण थिनिंगच म्हणतात. फळछाटणी झाली की हिवाळ्याच्या तोंडाशी हे काम येते, मण्यांचा आकार वाढण्याआधी ते उरकावे लागते, आणि ते बहुतांशी बायकांच्या हातांनी होते. लहान, अरुंद पात्यांची कात्री घडात घालायची, आतला मणी देठाशी कापायचा, शेजारच्या मण्याला ओरखडाही जाऊ द्यायचा नाही, आणि हे सगळे दिवसभर, हात खांद्याच्या वर धरून करायचे. नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याला ही कात्री स्वतःची म्हणून बाजारात आणायची होती. छाटणीच्या मोठ्या कात्र्या तिथे पूर्वीपासून बनत असल्यामुळे पोलाद, धार आणि प्रेसकाम यांची उत्तम जाण तिथे होती. मला बोलावले गेले ते त्याच्या आधीच्या टप्प्यासाठी, म्हणजे कोणत्या दिशेने जायचे याच्या कल्पना काढून त्यातून निवड करण्यासाठी. त्या टप्प्यात कोणती सर्जनशील पद्धत कशासाठी घेतली आणि कोणती का बाजूला ठेवली, त्याचा हा वृत्तांत आहे.

मालकांची पहिली सूचना सरळ होती. सगळ्यांना एका खोलीत बसवा, चहा सांगा, ब्रेनस्टॉर्मिंग करा. दुपारपर्यंत भरपूर कल्पना निघतील. ही सूचना मला जवळजवळ प्रत्येक कारखान्यात ऐकायला मिळते, कारण सर्जनशीलतेची पद्धत म्हटली की हे एकच नाव सर्वांच्या ओळखीचे असते. मी मात्र कोणतीही पद्धत हातात घेण्यापूर्वी ती मुळात कोणत्या कामासाठी जन्माला आली हे पाहते, कारण पद्धतीचे गुण आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचा उगम बहुधा तिथेच सापडतो. ब्रेनस्टॉर्मिंग जन्मले जाहिरातीच्या व्यवसायात. ॲलेक्स ऑसबर्न हे अमेरिकेतल्या बीबीडीओ या जाहिरात संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे या पद्धतीचे चार नियम जगभर गेले: टीका करायची नाही, वेडगळ कल्पनेचेही स्वागत करायचे, संख्येवर भर द्यायचा आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. जाहिरातीची ओळ सुचायला क्षणभर लागतो, ती वाचून दाखवायला तेवढाच, आणि ती फसली तर कागद चुरगळून टाकता येतो. ज्या प्रश्नाची उत्तरे अशी हलकी, सुटी आणि पटकन तपासता येणारी असतात, तिथे ही पद्धत फार चांगली चालते. कात्रीच्या स्प्रिंगचा ताण किती असावा, हा त्या जातीचा प्रश्न नाही.

इतर पद्धतींचीही कुळकथा अशीच बोलकी आहे. सर्व घटकांचे सर्व पर्याय एका तक्त्यात मांडून त्यांच्या जोड्या तपासणारी मॉर्फॉलॉजिकल पद्धत फ्रिट्झ झ्विकी यांनी रूढ केली. झ्विकी हे कॅलटेक या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ होते आणि जेट इंजिनांच्या संशोधनातही होते. इंजिनाचे किती प्रकार मुळात शक्य आहेत, हे एकही न सुटता पाहण्याची त्यांना गरज होती, आणि म्हणून त्यांची पद्धत स्फूर्तीपेक्षा मोजदादीवर उभी आहे. ट्रिझ ही पद्धत गेनरिख आल्टशुलर यांनी सोव्हिएत संघात, १९४६ पासून पेटंटांचा अभ्यास करत उभारली. चांगल्या शोधांमध्ये दोन परस्परविरोधी गरजांचा पेच तडजोड न करता सोडवलेला असतो, हे तिचे मध्यवर्ती निरीक्षण आहे. स्टालिनला टीकेचे पत्र लिहिल्यानंतर आल्टशुलर यांना वोर्कुताच्या श्रमछावणीत जावे लागले, तरी पद्धतीवरचे त्यांचे काम पुढे चालूच राहिले. आणि केजे पद्धत ही जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची. नेपाळमधल्या क्षेत्रकार्यातल्या विखुरलेल्या नोंदींतून अर्थ कसा लावायचा, या अडचणीतून ती आकाराला आली. आमच्या हाताशी त्या वेळी कात्रीबद्दलची मते पुष्कळ होती आणि नोंदी जवळजवळ नव्हत्या. त्यामुळे सुरुवात कशाने करायची, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका राहिली नाही.

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या बागांमध्ये विरळणी चालू असताना आम्ही गेलो. मी, कारखान्यातला एक डिप्लोमा झालेला तरुण इंजिनिअर आणि विक्रीचे काम पाहणारे गृहस्थ असे तिघे होतो. पेठ आणि सुरगाणा भागातून येणाऱ्या टोळ्या बहुधा उक्ते काम घेतात, म्हणजे एकराप्रमाणे ठरवून. त्यामुळे प्रत्येक मिनिटाला किंमत असते आणि कोणी बाई थांबून आपल्याशी चर्चा करील ही अपेक्षाच चुकीची ठरते. प्रश्नावली मी बरोबर नेली नव्हती. शेजारच्या ओळीत उभे राहून पाहायचे, दिसेल ते एका कागदावर एकच याप्रमाणे लिहायचे आणि जेवणाच्या सुट्टीत बोलायचे, एवढेच ठरवले होते. मुठीला गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी, मनगटाला दोरीने बांधलेली कात्री, पदराला पुसलेली पाती, दगडावर काढलेली धार, डावखुऱ्या बाईने उलटी धरलेली कात्री, पहाटेच्या दवाने ओला झालेला हात, हे सगळे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आले. एका मावशींनी सांगितलेले मी जसेच्या तसे लिहून घेतले: "ताई, कापायचं काय नाय, कात्री उघडंना झाली का अंगठा भरून येतो."

कारखान्यात परतल्यावर या चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या आणि केजे पद्धतीचा जो नियम सर्वांत जास्त मोडला जातो तो आम्ही पाळला: गटांची नावे आधी ठरवायची नाहीत. धार, मूठ, वजन, किंमत असे कप्पे आधी केले असते तर प्रत्येक चिठ्ठी मुकाट्याने आपल्या कप्प्यात जाऊन बसली असती आणि आपल्याला आधीच ठाऊक असलेले पुन्हा एकदा कळले असते. चिठ्ठ्या एकमेकींजवळ सरकवत गेल्यावर सर्वांत मोठा झालेला गट वेगळाच निघाला. पाती पुसणे, अडकलेली कात्री बोटांनी उघडणे, अंगठा झटकणे, खाली पडलेली कात्री पाचोळ्यात शोधणे, धार लावायला बसणे: या सगळ्या चिठ्ठ्या कापण्याबद्दल नव्हत्या, थांबण्याबद्दल होत्या. कापायला क्षणही लागत नव्हता आणि त्यात कोणाचीच तक्रार नव्हती. वेळ आणि हात दोन्ही खर्च होत होते ते मधल्या थांब्यांमध्ये. मालकांच्या मनातला प्रश्न "अधिक धारदार कात्री कशी करायची" असा होता. भिंतीसमोर उभे राहून तो "कमी थांबवणारी कात्री कशी करायची" असा झाला. कल्पना सुचवणारी पद्धत म्हणून केजेची गणना सहसा होत नाही, पण माझ्या मते या प्रकल्पातली सर्वांत मोलाची कल्पना तिनेच दिली.

प्रश्न असा बदलल्यावर त्याचे तुकडे वेगवेगळ्या जातींचे आहेत हेही दिसू लागले. पडलेली कात्री पटकन कशी सापडावी, हा हलका आणि सुटा प्रश्न होता. मूठ, स्प्रिंग, खिळा, टोक आणि कात्री अंगावर बाळगण्याची सोय यांच्या किती तऱ्हा एकत्र बसू शकतात, हा मोजदादीचा प्रश्न होता. आणि दोन ठिकाणी सरळ पेच होता: टोक घडात शिरण्याइतके बारीक हवे पण मण्याला न टोचण्याइतके बोथट हवे, स्प्रिंग चिकटलेली पाती उघडण्याइतकी जोरकस हवी पण दिवसभर दाबून अंगठा न दुखण्याइतकी मऊ हवी. सगळ्या प्रश्नाला मिळून एकच पद्धत लावण्याऐवजी प्रत्येक जातीला तिची पद्धत लावायची, असे ठरले.

पद्धत ठरवताना प्रश्नाइतकाच आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, आणि पाठ्यपुस्तकांत तिला फारच थोडी जागा मिळते: खोलीत कोण बसणार आहे. आमच्याकडे मालक होते, टूलरूमचे मिस्त्री होते, धार लावण्याच्या विभागातले एक वयस्क कारागीर होते ज्यांना सगळे काका म्हणत, दोन तरुण इंजिनिअर होते आणि विक्रीवाले होते. मालक स्वभावाने मोकळे, पण ते बोलले की बाकीचे मान डोलावतात. मिस्त्री बोलले की तरुण मुले गप्प होतात. आणि काका मुळातच सर्वांसमोर बोलणाऱ्यांतले नाहीत. मोठ्याने बोलून केलेल्या ब्रेनस्टॉर्मिंगला अशा खोलीत काय होते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही, तरी ते झालेले आहे. १९५८ साली येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी दाखवले की एकत्र बसून विचार करणाऱ्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज अधिक भरते. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचे मोठे कारण दाखवून दिले, ते म्हणजे एक जण बोलत असताना बाकीच्यांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्यात विचार विरून जातो. श्रेणीची भीड हे आणखी एक कारण, आणि आपल्याकडच्या लहान कारखान्यांत ते पहिल्याइतकेच जड असते असा माझा अनुभव आहे.

यावर बर्न्ड रोरबाख या जर्मन गृहस्थांनी १९६८ मध्ये मांडलेली ६-३-५ पद्धत मला नेहमी उपयोगी पडते. सहा माणसे, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना कागदावर लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याकडे द्यायचा आणि त्याने त्या वाचून आपल्या तीन लिहायच्या. अर्ध्या तासात कागदोपत्री १०८ कल्पना होतात. आमच्याकडे माणसे सहाच होती, माझ्याकडे संचालन होते, त्यामुळे आकडा जुळत होता. पण काकांना लिहिण्याचा कंटाळा होता आणि मिस्त्रींना आपले अक्षर इतरांना दाखवायचे नव्हते. तेव्हा लिहिण्याचे बंधन काढून टाकले. प्रत्येकापुढे कागदाबरोबर तार, पातळ पत्र्याचे तुकडे आणि शाडूचा गोळा ठेवला, वेळ वाढवला आणि कागदाऐवजी संपूर्ण ताटली शेजाऱ्याकडे सरकवायची असे केले. कल्पनांची संख्या अर्थातच खाली आली. त्याबदल्यात मिस्त्रींनी तारेत वाकवलेली स्प्रिंग शेजाऱ्याच्या हातात पडून पुन्हा वाकवली गेली, आणि तिच्यावर बोलताना कोणालाही कोणाचा मान राखावा लागला नाही. शाडूचा एक तोटा सांगून ठेवते: तो सुकला की तडकतो, त्यामुळे मुठीचा ठसा मिळाल्यावर त्याची मापे तिथल्या तिथे घ्यावी लागतात. बागेतल्या बायकांच्या मुठींचे ठसे घेताना आम्ही मेणमाती वापरली ती यामुळेच.

त्या बैठकीत आणखी एक काळजी घेतली. बाजारात मिळणाऱ्या विरळणीच्या कात्र्या, त्यात एक महागडी जपानी कात्रीही होती, विक्रीवाल्यांनी जमवून आणल्या होत्या आणि त्या टेबलावर मांडाव्यात असा त्यांचा आग्रह होता. मी त्या कपाटात ठेवायला लावल्या. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी केलेले प्रयोग डिझाइन शिकणाऱ्यांना परिचयाचे आहेत: न सांडणारा कॉफीचा पेला डिझाइन करताना नळी वापरू नका असे स्पष्ट सांगूनही, ज्यांना नमुन्यादाखल नळी असलेला पेला दाखवला होता त्यांच्या आराखड्यांत नळ्या अधिक आल्या. नमुना डोळ्यासमोर असला की त्याचे दोषही नकळत उचलले जातात. नमुने पाहायचेच नाहीत असा याचा अर्थ नव्हे. ते तुलनेच्या टप्प्यावर पाहायचे असतात, आणि तेव्हा ते कपाटातून बाहेर आलेच.

मोजदादीचा भाग मी दोन्ही तरुण इंजिनिअरांना बरोबर घेऊन केला, कारण त्याला गर्दीपेक्षा चिकाटी लागते. पाच ओळींचा तक्ता केला: पाती पुन्हा उघडण्याची सोय, हातात धरण्याची तऱ्हा, टोकाचा आकार, सांध्याची रचना आणि बाळगण्याची सोय. प्रत्येक ओळीत चार पर्याय आले. पहिल्या ओळीचेच उदाहरण द्यायचे तर वेटोळ्याची स्प्रिंग, पट्टीची स्प्रिंग, मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या कातरीसारखा अख्खाच लवचीक दांडा, आणि बोटांच्या कड्यांनी हाताने उघडणे. चाराचा पाचवा घात १०२४, म्हणजे तेवढ्या कात्र्या तक्त्यात लपलेल्या होत्या. हा आकडा पाहून तरुण मंडळी खूश झाली, पण या पद्धतीचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. प्रत्येक दोन ओळींमधले पर्याय एकमेकांबरोबर नांदू शकतात का, हे तपासायचे आणि न नांदणारी जोडी दिसली की ती ज्या ज्या कात्रीत आहे त्या सगळ्या एका फटक्यात बाद करायच्या. लवचीक दांड्याला वेगळा सांधा लागत नाही, त्यामुळे खिळ्याचे पर्याय त्याच्यासोबत निरर्थक ठरतात. बोटांच्या कड्यांना स्प्रिंग नको असते, पण कडी अंगठ्याच्या मापाची लागतात, आणि एका टोळीतल्या बायकांचे अंगठे एका मापाचे नसतात; राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय शरीरमापांच्या संकलनाने आमच्या मेणमातीच्या ठशांना चांगला आधार दिला. अशी छाटणी होत होत मोजकी कुळे उरली. त्यातले लवचीक दांड्याचे कूळ कोणालाच आधी सुचले नव्हते, आणि ते तक्त्यामुळेच पुढे आले, हे श्रेय मी या पद्धतीला देते. त्याची अडचणही तक्त्यातच दिसली: दांड्याला स्प्रिंगचे पोलाद हवे आणि पात्याला गंज न धरणारे, धार टिकवणारे. फवारणीच्या औषधांत गंधक आणि तांबे असते, त्यापुढे साधे पोलाद फार दिवस टिकत नाही.

दोन पेचांवर मात्र तक्ता काही बोलेना, आणि ते स्वाभाविक होते. तो असलेले पर्याय मांडतो; पर्यायच दोन परस्परविरोधी गोष्टी मागत असेल तर तो मध्यम टोक, मध्यम स्प्रिंग अशी मधली वाट दाखवतो. बाजारातल्या बहुतेक कात्र्या याच मधल्या वाटेवर थांबलेल्या होत्या. म्हणून इथे ट्रिझ घेतली. तिचे ३९ गुणधर्म आणि ४० तत्त्वांचा मोठा कोष्टक-पट मी कारखान्यात उघडत नाही, कारण तो समजावून सांगण्यातच उत्साह संपतो. मी फक्त तिचा गाभा वापरते: एकाच भागाने दोन उलट गोष्टी करायच्या असतील, तर त्या एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि एकाच परिस्थितीत कराव्या लागतात का, हे विचारायचे. टोकाच्या बाबतीत हा प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर जवळजवळ आपोआप आले. बारीकपणा हवा तो घडात शिरताना, म्हणजे पाती मिटलेली असताना. टोचण्याचा धोका असतो तो बाहेरच्या कडांचा. आणि कापायचे असते आतल्या कडेने. म्हणजे एकाच टोकाच्या वेगवेगळ्या जागांना वेगवेगळे काम आहे. आतली कड तीक्ष्ण ठेवून बाहेरची कड आणि टोकाचा शेंडा गोल केला, आणि मिटल्यावर दोन्ही पाती मिळून एकच अरुंद, गोलसर निमुळते टोक होईल असे केले, तर पेच उरतच नाही. ट्रिझच्या यादीत याला स्थानिक गुणवत्तेचे तत्त्व म्हणतात. वस्तूचा प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या कामाला योग्य असा करायचा.

स्प्रिंगचा पेच एवढ्याने सुटला नाही, आणि तो सुटण्याची वाट मला सांगण्याजोगी वाटते. जोर कधी हवा, हे विचारले तेव्हा मिस्त्रींनी बरोबर सांगितले की फक्त उघडण्याच्या पहिल्या क्षणी; एकदा पाती सुटली की पुढे मऊ स्प्रिंगही पुरते. मग तरुण मुलांनी सुरुवातीला जोरकस आणि नंतर मऊ होणाऱ्या स्प्रिंगची चित्रे काढायला घेतली, दुहेरी वेटोळे, वाकवलेली पट्टी असे काहीबाही, आणि प्रत्येक चित्राबरोबर कात्री महाग होत गेली. तेव्हा मी प्रश्न एक पायरी मागे नेला: पहिल्या क्षणी जोर का लागतो? कारण हिरव्या मण्यांचा रस आणि फवारणीचा थर यांचे पुट दोन पात्यांच्या मध्ये बसते आणि सपाट पाती एकमेकांना धरून ठेवतात. मग सपाट कशाला ठेवायची, असे काका म्हणाले. न्हाव्याच्या चांगल्या कात्रीची पाती आतल्या अंगाने किंचित खोलगट घासलेली असतात आणि लांबीत थोडा बाक दिलेला असतो. त्यामुळे मिटताना दोन्ही पाती सबंध अंगाने घासत नाहीत, फक्त धारेवर, जिथे कापले जात असते तेवढ्याच बिंदूत भेटतात. रस मध्ये साचायला जागाच मिळत नाही असे नाही, पण त्याला धरून ठेवायला मोठा सपाट पृष्ठभाग राहत नाही. पाती चिकटणार नसतील तर जोरकस स्प्रिंगची गरजच संपते. काकांनी हे आयुष्यभर केलेले काम होते, आणि पहिल्या बैठकीत त्यांनी ते सांगितले नव्हते, कारण तेव्हा प्रश्न स्प्रिंगबद्दल होता आणि ते स्प्रिंगचे कारागीर नव्हते. पद्धतीने इथे उत्तर दिले नाही. तिने प्रश्न योग्य माणसाच्या दारापर्यंत नेला, आणि ट्रिझकडून मी याहून अधिक अपेक्षा सहसा ठेवत नाही.

खोलगट घासणी ठरली की पोलादही ठरते. ३०४ जातीचे स्टेनलेस गंजत नाही, पण उष्णतेच्या प्रक्रियेने ते कठीण करता येत नाही, त्यामुळे बारीक धार त्यावर टिकत नाही. ४२० जातीचे पाणी देऊन कठीण करता येते आणि या कामापुरते गंजालाही तोंड देते. या मुद्द्यावर कल्पना काढण्याची काहीच आवश्यकता नव्हती. जिथे उत्तर ठाऊक आहे तिथे सर्जनशीलतेची बैठक बोलावणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि तो बराच होतो.

राहिला पडलेल्या कात्रीचा हलका प्रश्न. त्यासाठी मालकांच्या मनातले ब्रेनस्टॉर्मिंग अगदी योग्य होते आणि ते आम्ही चहासकट केले. मुठीचा रंग, मनगटाचा पट्टा, गळ्यातली दोरी, कमरेची पिशवी, चुंबक, घुंगरू असे भराभर सुचत गेले. घुंगरावर बराच हशा झाला. पाचोळ्यात आणि हिरव्या पानांत उठून दिसणारी नारिंगी मूठ आणि मनगटाचा पट्टा यावर लवकर एकमत झाले, आणि विक्रीवाले या बैठकीत सर्वांत जास्त खुलले, कारण विषय त्यांच्या हातातला होता. उपमांवर आधारलेली सिनेक्टिक्सही मी एकदा चाचपून पाहिली होती, खेकड्याची नांगी, पोपटाची चोच अशा वाटांनी. पण कात्री ही इतकी जुनी आणि पूर्ण विकसित वस्तू आहे की दूरच्या उपमा तिथे गमतीपलीकडे फारशा जात नाहीत. वस्तूच नवी असते आणि तिला अजून रूप नसते, तेव्हा त्या पद्धतीला मी आधी उभे करते.

निवडीसाठी स्टुअर्ट पग यांचा तक्ता वापरला. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात शिकवणाऱ्या पग यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीत एक ओळखीची वस्तू आधार म्हणून धरतात आणि प्रत्येक पर्याय प्रत्येक निकषावर तिच्याहून सरस, तितकाच की कमी, एवढेच नोंदवतात. आधार म्हणून आम्ही जपानी कात्री न घेता टोळ्यांच्या हातात प्रत्यक्ष असलेली साधी कात्री घेतली, कारण आमची तुलना त्या बाईच्या आजच्या दिवसाशी होती. तक्ता दोनदा भरला: एकदा कारखान्यातल्या मंडळींकडून, आणि एकदा हाताने घासून केलेले कच्चे नमुने बागेत देऊन, कामकरी बायकांच्या तोंडी सांगण्यावरून. गुणांची बेरीज करून विजेता काढायचा मोह या तक्त्यापुढे सर्वांना होतो, आणि पग यांचा तो हेतू नव्हता. कुठे उणे आहे ते पाहून दोन पर्यायांतले चांगले भाग एकत्र आणायचे, हा होता. आमचे दोन तक्ते एकमेकांशेजारी ठेवल्यावर दोन ठिकाणी ते उलटे पडले. खोलगट घासणीला कारखान्याने उणे दिले होते, कारण ती एक जादा क्रिया होती आणि ती काकांच्या हातावर अवलंबून होती; बागेतून तिला सर्वांत ठाम अधिक आले होते. लवचीक दांड्याचे नेमके उलट होते: एकच भाग म्हणून कारखान्याला तो आवडला, पण दिवसाच्या शेवटी मूठ तळहाताला रुतते असे बायकांनी सांगितले.

यावर मालकांनी जो निर्णय घेतला तो मला व्यवहाराच्या दृष्टीनेही योग्य वाटला. लवचीक दांडा सोडला, मऊ वेटोळ्याची स्प्रिंग ठेवली, टोक गोल केले, आणि खोलगट घासणीसाठी काकांच्या हाताखाली दोन मुले शिकायला दिली, सोबत पात्याचा कोन धरून ठेवणारा एक साधा जिग मिस्त्रींनी बनवला. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री काढण्याचा मुद्दा मी लावून धरला होता. पात्यांची रचना आरशातल्यासारखी उलटी करावी लागते आणि त्यासाठी वेगळी डाय, म्हणजे प्रेसचा साचा, लागते, म्हणून तो पहिल्या खेपेत राहिला.

कात्री उत्पादनात गेल्यावर मालकांनी पुढचा विषय काढला: मणी वाढवणाऱ्या जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवण्याचा पेला. या वेळी त्यांनी स्वतःच भिंत मोकळी करून ठेवली होती आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणून ठेवले होते. मी त्यांना म्हटले की साहेब, इथे आपण केजेही करायचे नाही आणि तक्ताही मांडायचा नाही. बागायतदारांनी आणि मजुरांनी कापलेल्या बाटल्या, वाकवलेले मग, कड चेपलेले डबे अशी स्वतःची उत्तरे आधीच बनवून ठेवलेली आहेत, आणि ती प्रत्येक गावात थोडी निराळी आहेत. आपण आधी ती विकत घ्यायची किंवा नवा मग देऊन बदलून घ्यायची, शेल्फावर ओळीने मांडायची आणि कोणता कट कशासाठी दिला आहे हे ज्याने दिला त्यालाच विचारायचे. मालकांनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे खणात ठेवले आणि विक्रीवाल्यांना नवे मग आणायला पाठवले.